पट्टेदार अक्षरलेखन

अक्षराचा ठळक भाग सलग न भरता समांतर रेषांनी किंवा पट्ट्यांनी साकारण्याची अक्षरलेखनाची एक शोभनपद्धती. शीर्षके, बोधचिन्हे, वेष्टने व दुकानांच्या पाट्या यांवर ती आढळते. पूर्वी पाट्या रंगविणारे कारागीर खडू लावलेला दोरा ताणून अशा रेषा आखीत आणि कुंचल्याने भरीत. आता हे काम बहुतांशी संगणकावर सदिश आरेखन-प्रणालींच्या साहाय्याने होते. अडोबी इलस्ट्रेटर (१९८७), कोरल ड्रॉ (१९८९) आणि इंकस्केप (२००३) या अशा प्रणाली होत. त्यांत आकृती ठिपक्यांनी नव्हे, तर बिंदू व त्यांना जोडणाऱ्या वक्रांच्या गणिती वर्णनाने साठविली जाते. त्यामुळे ती कितीही मोठी केली, तरी पट्ट्यांच्या कडा रेखीव राहतात.

पद्धती : मुख्य पद्धती दोन आहेत. पहिलीत अक्षरावर सरळ पट्ट्यांची जाळी ठेवून ती अक्षराच्या आकारात छेदतात. पॉल रँड यांनी केलेले आयबीएम कंपनीचे आठ आडव्या पट्ट्यांचे बोधचिन्ह (१९७२) या प्रकारात मोडते. टंकित मजकुराचे प्रथम बाह्यरेषाकृतीत रूपांतर करतात. नंतर सर्वांत वरचा व सर्वांत खालचा पट्टा काढून मधले पट्टे प्रणालीकडून समान अंतरावर भरून घेतात. आठ पट्टे व त्यांमधील सात फटी सारख्या रुंदीच्या हव्या असतील, तर उंचीचे पंधरा भाग पडतात, ७५ मिमी. उंचीच्या अक्षरात प्रत्येक भाग ५ मिमी. येतो.

दुसऱ्या पद्धतीत पट्टे अक्षराच्या वळणाबरोबर वळतात. लान्स वायमन यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी रचलेले अक्षरचिन्ह हे त्याचे विख्यात उदाहरण होय. अक्षराच्या मध्यरेषेवर ५ एकक जाडीची काळी, तिच्यावर ३ एककांची पांढरी व तिच्यावर १ एककाची काळी रेषा ठेवली की, सारख्या रुंदीचे पाच पट्टे मिळतात. सर्व फटकाऱ्यांचा एकेक थर क्रमाने ठेवल्यास सांध्यांवर पट्टे रस्त्यांप्रमाणे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक फटकारा स्वतंत्रपणे पूर्ण केल्यास एक दुसऱ्यावरून गेल्यासारखा दिसतो. रेडियम वा विनाइल कापणारे यंत्र मात्र आकृतीच्या कडेनेच चालते. म्हणून कापण्यापूर्वी या रेषांचे बंदिस्त आकारांत रूपांतर करून पांढरे भाग वजा करावे लागतात.

देवनागरीतील उपयोजन : रोमन अक्षरांवरील पट्ट्यांची जाळी देवनागरीवर जशीच्या तशी बसविता येत नाही. देवनागरीत शिरोरेषा आडवी व बहुतेक व्यंजनांचा दंड उभा असतो. आडव्या पट्ट्यांत शिरोरेषा इतर पट्ट्यांपैकीच एक ठरून हरवते, तर उभ्या पट्ट्यांत दंड हरवतात. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग व प असे चार दंड येत असल्याने उभे पट्टे त्याला विशेष बाधक ठरतात.

‘विदर्भ’ या शब्दातील अडचण अधिक सूक्ष्म आहे. भ आणि म, तसेच ध आणि घ यांतील भेद मुख्यतः डावीकडील शिरोरेषेच्या तुटीवर व तेथील गाठीवर अवलंबून असतो. पट्ट्यांमुळे ही तूट झाकली गेली किंवा नको तेथे नवी तूट पडली, तर भ चा म वाचला जातो. वेलांटी व रफार शिरोरेषेच्या वर, तर ‘नागपूर’मधील दीर्घ ऊकार अक्षराच्या तळाखाली येतो, म्हणून शब्दाची एकूण उंची समान भागांत विभागणे चुकीचे ठरते.

त्यासाठी जाळीचे माप शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत घेतात, पहिला संपूर्ण पट्टा शिरोरेषेशी जुळवितात आणि भ, ध यांच्या तुटी मोकळ्या ठेवतात. शिरोरेषा सलग राखून केवळ खालच्या भागात पट्टे देणे हा याहून सुरक्षित मार्ग होय. अनुस्वाराचा बिंदू सहसा भरीवच ठेवतात. फटीने तो दुभंगल्यास शब्दाचा अर्थ वा वचन बदलू शकते.

आकार लहान केल्यावर फटीही त्याच प्रमाणात अरुंद होतात. वरील ७५ मिमी.चे अक्षर ७·५ मिमी.वर आणल्यास फट ०·५ मिमी. उरते आणि छपाईत ती शाईने बुजण्याचा संभव असतो. त्यामुळे लहान आकारासाठी कमी पट्ट्यांची स्वतंत्र आवृत्ती तयार करणे हितावह ठरते. मजकूर वाचता आला पाहिजे, ही या शोभनपद्धतीची मर्यादा आणि कसोटीही आहे.