आधी पोट बघा

तान्ह्या बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर नीट दिसतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आशा कार्यकर्ती असलेल्या ताईंबरोबर घरभेटींना फिरताना हे मी लक्ष देऊन पाहिलं. ताई घरात आल्या की हात धुतात आणि बाळाला हात लावण्याआधी थोडा वेळ नुसत्या बघत बसतात. बाळ झोपलेलं असेल तर उठवत नाहीत. पीत असेल तर पिऊ देतात, रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबतात. रडताना किंवा पिताना श्वास मोजला तर आकडा चुकतो. मग झबलं वर करतात, पोटाशेजारी घड्याळ धरतात आणि पोट वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन, असं मनात मोजत जातात. पूर्ण एक मिनिट.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालणार नाही का, असं मी विचारलं. "नाही चालत," ताई म्हणाल्या. "लहान लेकरू एकसारखा श्वास घेत नाही. मध्येच भरभर घेते, मध्येच थांबते. पंधरा सेकंदांत तुम्हाला नेमकं काय सापडंल, काय सांगावं?"

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास भरले तर ताई पुन्हा एकदा मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळासाठी ही मर्यादा 50 आहे आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40. एक खूण मात्र आकड्याशिवायही कळते. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. तिचा खालचा भाग, बरगड्यांखालचा, प्रत्येक श्वासाला आत ओढला जात असेल तर मोजत बसू नये, उठावं. गावात याला पोट उडणं म्हणतात, कुणी डबा म्हणतात. न्यूमोनियाचा संशय घ्यायला तेवढं पुरे आहे. दुखणं आयांच्या नजरेला दिसत असतं. पण त्यावर काही ठिकाणी अजून पोटाला चटके दिले जातात, आणि दवाखान्याचा वेळ त्यात जातो.

श्वास मोजण्याची ही रीत याच जिल्ह्यात फार आधी रुजली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली, तेव्हा गावातल्या दाईंनी न्यूमोनिया ओळखायचा कसा, हा प्रश्न होता. अनेक दाईंना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग मणी आणि एका मिनिटाची वाळू असलेलं साधं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर बाईच्या हातात निदान देणारी ही कल्पना मला आजही थोर वाटते. त्यात तिच्या अडाणीपणाची कीव नाही, तिच्या नजरेवर विश्वास आहे. पुढे 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम झालं, 1999 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि 2011 पासून देशभरातल्या आशांच्या घरभेटींत ते उतरलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही.

ताईंच्या त्या दिवशीच्या एका घरभेटीत आजीबाईंनी बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही ना बाई. मग कायले न्यायचं दवाखान्यात?" हा प्रश्न गडचिरोलीत जसा ऐकला तसाच पुण्यातल्या सोसायटीतही ऐकू येतो. आपण तापावर फार विसंबतो. महिन्याभराच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडू शकतं. म्हणून ताई आजीबाईंना तळव्यांना नव्हे, पोटाला हात लावायला सांगतात. पोटही गार लागलं तर ती धोक्याची खूण. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आलाच, काखेत 99.5 फॅरनहाइट किंवा अधिक, तर घरातल्या औषधावर रात्र काढू नये.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती ताईंची आईला विचारायची पद्धत. दूध पितो का, असं त्या विचारत नाहीत, कारण त्याला आई 'हो' म्हणतेच. त्या म्हणतात, "कालच्यासारखा पितो का गं? सोडून देतो का मध्येच? रडणं तसंच आहे का, की बारीक झालं?" काल आणि आज यांतला फरक आईशिवाय कुणाला ठाऊक नसतो. नीट ओढणारं बाळ स्तन तोंडात धरून नुसतं पडून राहिलं, उठवून उठेना, हात लावल्यावर पूर्वीसारखं हलेना, तर ताप नसला आणि खोकला नसला तरी ते आजारी आहे. मोठ्या मुलातही ताप किती चढला यापेक्षा या गोष्टी आधी बघाव्यात: पाणी पीत नाही, प्यालेलं सगळं उलटून टाकतं, झटके आले, डोळे उघडून बघत नाही. यातली एक दिसली तरी पुरे.

निर्णय बहुतेक वेळा घरात अडतो. नवरा कामाला गेलेला, सासूला वाटतं सकाळी बघू, गाडीचे पैसे नाहीत. आईला कळलेलं असतं, पण तिच्या शब्दाला वजन नसतं. आजीबाईंच्या घरी ताईंनी त्या दिवशी मोजलेला आकडा मोठ्याने सांगितला, तो कागदावर लिहिला आणि कागद आजीबाईंच्या हातात दिला. "बासष्ट भरले, दोनदा मोजले," एवढंच म्हणाल्या. आजीबाई सुनेला म्हणाल्या, "दुपटं घे."

तुमच्या घरात लहान मूल असेल तर आज, ते बरं असताना, झोपेत त्याचा श्वास एक मिनिट मोजून बघा. आईला बाळ 'वेगळं' वाटत असेल तर तिच्याकडून पुरावा मागू नका. आणि वर सांगितलेली कुठलीही खूण दिसली तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 24 तास आणि मोफत आहे.