रेंज गेली की बॅटरी का उतरते?

जवाहरनगरहून कोका अभयारण्यात जाऊन आले की दिवसभर खिशातच असलेल्या फोनची बॅटरीही कधी कधी तळाला गेलेली दिसते आणि दोष बॅटरीला दिला जातो. बहुधा कारण कमकुवत सिग्नल असते. टॉवर जवळ असला की फोनला थोडी प्रेषणशक्ती (लहरी पाठवण्याची ताकद) पुरते. अंतर वाढले की ती वाढवावी लागते. वैनगंगेच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आवाज चढवतो तशी. ४जी फोनमध्ये ती साधारण ०.२ वॉटपर्यंत जाते, टॉवरजवळच्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त. रेंज पूर्ण गेल्यावरही फोन स्वस्थ बसत नाही, टॉवर शोधत राहतो. अशा वेळी फ्लाइट मोड लावा. मात्र तोवर कॉल लागणार नाही, हे घरी आधी सांगून ठेवा.