अड्यारचं लग्न आणि पुण्याचं पंचांग

चेन्नईच्या अड्यारमध्ये घरचं लग्न निघालं, विशेषतः व्याही तमिळ असले, की मराठी कुटुंबाची पहिली गडबड तारखेवरून होते. पुण्याचे गुरुजी सांगतात, आता कार्तिकी एकादशीनंतरच बघू. तिकडचे वाध्यार, म्हणजे पुरोहित, म्हणतात, आवणी महिन्यात छान मुहूर्त आहेत, थांबायचं कशाला?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘चातुर्मासात हिंदूंची लग्नं होत नाहीत’ हा नियम आपण सगळ्या देशाला लावून मोकळे होतो. तमिळ महिने सौर आहेत. त्यांचा वर्ज्य महिना आडि, म्हणजे साधारण 17 जुलै ते 16 ऑगस्ट. तो संपून आवणी लागली की मंडपम मिळायची मारामार सुरू होते, आणि आपल्याकडे तेव्हा गणपतीची तयारी चाललेली असते. उलट डिसेंबरचा उत्तरार्ध आपल्याला सोयीचा वाटतो. नाताळची सुटी असते, परदेशातली भावंडं आलेली असतात. पण 16 डिसेंबरच्या सुमारास मार्गळि लागतो आणि संक्रांतीपर्यंत तमिळ घरात लग्नाचा विषय निघत नाही. त्या महिन्यात चेन्नईत कचेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली, ऐकाव्यात. दोन्ही घरांना चालणारा काळ हवा असेल तर संक्रांत होऊन पौष सरला की शोधावा. त्यांचा तै महिना तेव्हा चालू असतो आणि आपला माघ लागलेला असतो.

वेळेचंही तसंच. आपल्याकडे गोरज मुहूर्ताचं कौतुक, तिथे मुहूर्तम बहुधा सकाळचा, कित्येकदा दिवस उजाडता उजाडता. रिसेप्शन लग्नानंतरच असतं असं धरून चालणाऱ्यांनी पत्रिका नीट वाचावी, कारण चेन्नईत ते पुष्कळदा आदल्या संध्याकाळी होतं. अजून लग्न लागलेलं नाही आणि जोडपं स्टेजवर उभं राहून आहेर घेतंय, हे पाहून आपल्या आत्या-मावश्या गोंधळतात. लग्नाच्या सकाळचं विमान धरणाऱ्याचं मात्र दोन्ही हुकतं.

‘विधी सगळीकडे तेच, फक्त भाषा वेगळी’ हा समज जास्त पक्का आहे. सप्तपदी, होम, पाणिग्रहण हे समान आहे, खरं. पण लग्न लागलं असं माणसांना ज्या क्षणी वाटतं, तो क्षण वेगळा. आपल्याकडे अंतरपाट दूर होतो, मंगलाष्टकं संपतात, अक्षता पडतात. तमिळ ब्राह्मण घरात अंतरपाट नसतो. मुलगी वडिलांच्या मांडीवर बसते, वाध्यार बोट वर करतात, नादस्वरम आणि तविल एकदम टिपेला जातात (याला गेट्टि मेळम म्हणतात) आणि त्या कल्लोळात ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधली जाते. पहिली गाठ नवरा मारतो, उरलेल्या दोन त्याची बहीण. तालीत काळे मणी नसतात, ती हळदीच्या दोऱ्यात ओवलेली असते आणि तिचा घाट घराण्यागणिक बदलतो. सराफाकडे वाट्यांचं मंगळसूत्र आधीच सांगून ठेवणाऱ्यांनी व्याह्यांना विचारावं.

सारखेपणा सापडतो तो भलत्याच ठिकाणी. आपल्या मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला मुलगी देण्याचं आमिष दाखवून परत आणतो. तिथे हाच खेळ लग्नात होतो. नवरदेव छत्री, काठी घेऊन काशीयात्रेला निघतो, सासरे त्याला अडवतात. मामाचा मानही दोन्हीकडे मोठा. आपल्याकडे तो मुलीला बोहल्यावर आणतो, तिथे माळा घालताना मामा मंडळी वधूवरांना चक्क खांद्यावर उचलतात. माझं मत विचाराल तर दोन्ही पद्धती पूर्ण करायचा हट्ट धरू नये. अंतरपाट-मंगलाष्टकं आपली, ताली त्यांची आणि होम एकदाच. नाहीतर वधूवर दुपारपर्यंत धुरात.

‘भटजी नसले तर लग्न कायदेशीर नाही’ हेही ऐकू येतं. महाराष्ट्रात महात्मा फुल्यांच्या पुढाकारानं 1873 मध्येच सत्यशोधक पद्धतीनं पुरोहिताविना लग्न लागलं. तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीतली, पुरोहिताविना लागणारी स्वाभिमान लग्नं मद्रास उच्च न्यायालयानं 1953 मध्ये अवैध ठरवली होती. अण्णादुराई मुख्यमंत्री असताना, 1967 मध्ये, हिंदू विवाह कायद्यात कलम ‘7 अ’ राज्यापुरतं घातलं गेलं. आप्तेष्टांसमोर दोन हिंदूंनी समजेल त्या भाषेत एकमेकांचा स्वीकार जाहीर केला, किंवा हार वा अंगठी घातली, किंवा ताली बांधली, की झालं लग्न.

उलट टोकाचा समज म्हणजे ‘सर्टिफिकेट मिळालं की पुरे’. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट केलं की विधीच झाले नसतील तर हिंदू विवाह कायद्याखालच्या नुसत्या नोंदणीनं लग्न होत नाही. विधी झाल्यावर नोंदणी करायचीच असते. तमिळनाडूच्या 2009 च्या कायद्यानं ती 90 दिवसांत सक्तीची आहे.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज परदेशी किंवा परधर्मीय जोडीदाराबाबत आहे. अड्यारला अशी लग्नं नवी नाहीत. तिथल्याच थिऑसॉफिकल सोसायटीत वाढलेल्या, पुढे कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभारणाऱ्या रुक्मिणीदेवींनी 1920 मध्ये, सोळाव्या वर्षी, इंग्रज जॉर्ज अरुंडेल यांच्याशी लग्न केलं. मद्रासमध्ये गदारोळ उठला, लग्न लागलं मुंबईत. आज गदारोळ होत नाही, फोटोही सुरेख येतात, पण देवळात ताली बांधली म्हणून हे हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न ठरत नाही. त्या कायद्यासाठी दोघंही हिंदू हवेत (बौद्ध, जैन, शीख त्यात येतात). एका ख्रिस्ती तरुणानं हिंदू मुलीशी देवळात केलेलं आणि नंतर रीतसर नोंदवलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये शून्यवत ठरवलं.

अशा जोडप्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात आधी 30 दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस, मग आणखी 30 दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन आठवड्यांच्या सुटीत हे बसत नाही. तेव्हा आधी विवाह अधिकाऱ्याकडे जावं, मंडपमला आगाऊ रक्कम नंतर द्यावी.