एकोणसाठ मण्यांचा हिशेब

नागपूरचं मिहान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? विमानं! आमच्या शाळेतही तसंच आहे बरं का. फळ्यावर भागाकार सुरू असतो, डोक्यावरून विमान जातं आणि सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळतात. माझीसुद्धा वळते, उगाच खोटं कशाला बोलू! विमान, रेल्वे आणि रस्ता या तिन्ही वाटांनी देशोदेशी माल जावा, म्हणून हे मिहान उभं राहिलं. खापरी, शिवणगाव, दहेगाव या गावांच्या शिवारात आता मोठाल्या कंपन्या आणि एम्सचं रुग्णालय आहे.

पण आज सांगणार आहे ते तळहातावर मावेल एवढ्या पुडक्याबद्दल. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई घरी रोझरी बनवते आणि मोबाइलवरून विकते.

रोझरी म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांची जपमाळ. आपल्या नागपुरात ही मंडळी फार जुनी. इथला कॅथलिक धर्मप्रांतच १८८७ सालचा आहे. रोझरी हा शब्द लॅटिन भाषेतून आला, त्याचा अर्थ गुलाबांची बाग. आणखी एक गंमत सांगू? इंग्रजीत मण्याला ‘बीड’ म्हणतात ना, त्या शब्दाचा जुना अर्थ होता प्रार्थना. मण्यांवर प्रार्थना मोजता मोजता मण्यालाच तिचं नाव पडलं!

तुमच्या आजीच्या जपमाळेत १०८ मणी असतील आणि वर एक मेरुमणी. बौद्ध जपमाळेतही १०८. मुसलमानांच्या तसबीहमध्ये ३३ किंवा ९९. रोझरीत मात्र ५९. कसे? दहा-दहा मण्यांचे पाच गट म्हणजे पन्नास. गटांच्या मध्ये एकेक वेगळा मणी, असे चार. खाली क्रूस लोंबतो त्या शेपटात पाच. करा बेरीज!

पंढरपूरला काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीमाळा करत आली आहेत. अशी माळ दोऱ्यात ओवतात. दोरा तुटला की मणी घरभर पळतात आणि आपण खाटेखाली शिरतो. तारेच्या माळेत तसं होत नाही. तिथं प्रत्येक मण्याची तार वेगळी. सराफाकडे चांदीच्या तारेत गुंफलेली रुद्राक्षमाळ पाहिली असेल, तीच ही युक्ती.

त्या ताई एकदा कार्यानुभवाच्या तासाला शाळेत आल्या. सोबत तांब्याची बारीक तार, मणी, तार कापायचं कटर आणि गोल टोकाची पक्कड. तारेचा आठ सेंटिमीटरचा तुकडा त्यांनी मण्यातून ओवला. मण्याच्या थोडं वर तार काटकोनात वाकवली, पक्कडीच्या टोकाभोवती फिरवून कडी केली. ती आधीच्या मण्याच्या कडीत अडकवली आणि मग उरलेलं टोक कडीच्या मानेभोवती तीन वेढे देऊन गुंडाळलं. जास्तीची तार कापली, टोक दाबून बसवलं. आता मण्याची दुसरी बाजू. आधी अडकवायचं, मग गुंडाळायचं. हा क्रम चुकला की कडी कापून टाकण्याशिवाय इलाज नाही.

‘‘ताई, एवढे वेढे कायले देता? नुसती कडी वाकवली तं नाही चालत?’’ मागच्या बाकावरून प्रश्न आला.

ताई हसल्या. त्यांनी नुसत्या कड्यांची एक साखळी केली, दुसरी वेढ्यांची. दोन्हींना अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगली. पहिल्या साखळीची कडी हळूहळू उघडली आणि बाटली धप्पकन खाली! वर्गात पाणीच पाणी. दुसरी साखळी मात्र तास संपेपर्यंत लटकत होती. नुसत्या कडीला एका बाजूला फट असते, ओढ पडली की ती वाढत जाते. वेढ्यांनी ती फटच बंद होते. (करून पाहाल तर तारेच्या टोकांपासून डोळे सांभाळा. आणि लहान भावंडाच्या गळ्यात अशी माळ घालू नका, अडकली तर ती सहज सुटत नाही.)

आता विकायचं कसं? दुकानात गिऱ्हाईक माळ हातात घेतं, ओढून पाहतं. मोबाइलवर त्याला फक्त फोटो दिसतो आणि आपण लिहिलेल्या दोन ओळी. त्या ओळी लिहायची जबाबदारी मी घेतली होती. मराठीची शिक्षिका ना मी! तार चकचकीत पांढरी होती, म्हणून मी झोकात लिहून दिलं, ‘चांदीची रोझरी’. ती होती तांब्याचीच, वरून चांदीच्या रंगाची. महिनाभरात एका बाईंचा निरोप आला, की तार लालसर पडली, ही चांदी नव्हे. ताईंनी सगळे पैसे परत केले. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘चांदीची’ आणि ‘चांदीच्या रंगाची’ यांतला फरक मी वर्गात हजार वेळा समजावला असता, पण लिहिताना विसरले.

पुढच्या गणिताच्या तासाला आम्ही रोझरीचा हिशेब मांडला. मणी ११० रुपये, तार ५०, क्रूस आणि पदक ६०, डबी २०, टपालखर्च ६०. एकूण ३००. ताई माळ विकत होत्या ३५० ला. ‘‘पन्नास रुपये नफा!’’ पोरं ओरडली.

ताईंची लेक उभी राहिली. ‘‘मॅडम, आईच्या वेळेचे पैसे कुठी लिहायचे?’’

खडू माझ्या हातातच राहिला. एका मण्याला तीन मिनिटं धरली तर ५९ मण्यांना १७७ मिनिटं, जवळजवळ तीन तास. पन्नास रुपये भागिले तीन. तासाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत! मुलांनीच ठरवलं, तासाला निदान साठ तरी हवेत. म्हणजे किंमत ४८०.

‘‘एवढे कोण देईल? प्लॅस्टिकची रोझरी याच्या कितीतरी खाली मिळते,’’ ताई म्हणाल्या. खरंच होतं ते. मग फोटोच बदलला. खिडकीच्या उजेडात माळ, आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचं नाणं, आणि दुसऱ्या फोटोत पाण्याची बाटली पेलणारी साखळी. ओळी मुलीनं लिहिल्या: ‘तांब्याची तार, चांदीच्या रंगाची. रंग पुढे उतरू शकतो. प्रत्येक कडीला तीन वेढे. हाताने केलेली, वेळ तीन तास.’

पालकांसाठी थोडंसं. दुकानाचं खातं मोठ्यांच्याच नावानं उघडा. ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकता येतो, मात्र आपल्या राज्यापुरताच. त्यासाठी पॅन देऊन जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक क्रमांक घ्यावा लागतो.

नव्या किमतीला दोन आठवडे कुणी विचारलंच नाही. मुलगी रोज सकाळी नुसती मान हलवायची. मग ऑक्टोबर लागला. कॅथलिक लोकांत हा रोझरीचा महिना. वसईहून एका आजोबांनी तीन माळा मागवल्या आणि विचारलं, ‘बाटलीत पाणी भरलेलं होतं ना?’

मुलीनं आईच्या मोबाइलवरून उत्तर पाठवलं, ‘हो आजोबा, अर्धा लिटर. आमचा वर्ग ओला झाला होता.’