आजीचं देऊळ

१६ नोव्हेंबर २०२०, दिवाळीचा पाडवा. करोनामुळे मार्चपासून बंद असलेली प्रार्थनास्थळं त्या दिवसापासून उघडायला महाराष्ट्र सरकारने परवानगी दिली. त्याआधीचे आठ महिने आम्ही वसईचे कॅथलिक मोबाइलवर मिस्सा, म्हणजे आमची उपासना, बघत होतो. पडद्यावर फादर रिकाम्या बाकांकडे बघून हात पसरायचे आणि इकडे स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या द्यायचा. १२ एप्रिलचा ईस्टरही असाच गेला.

त्या काळात शेजारणीने कुंपणापलीकडून विचारलं होतं, "तुमचं चर्च बंद, म्हणजे सगळंच थांबलं असेल ना?" मी ऐटीत म्हटलं, "दार बंद आहे हो. चर्च म्हणजे आम्ही माणसं. ती कुठे बंद होतात?" उत्तर तोंडपाठ होतं. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते. त्या दिवशी मात्र ते बोलताना जीभ अडखळली. चर्च म्हणजे नुसती आम्ही माणसं, तर मग मला इतकं उपाशी का वाटत होतं? मोबाइलमधून कम्युनियन मिळत नाही. ती भाकर हातावर पडावी लागते, देणारा माणूस समोर लागतो आणि शेजारच्या बाकावर खोकणारी म्हातारीही लागते. तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. मी धर्मगुरू नाही, सिस्टर नाही, ईशज्ञान शिकलेली पंडितही नाही. आमच्याकडे माझ्यासारख्यांना 'प्रापंचिक' म्हणतात. संतांच्या मराठीत मुरलेला हा शब्द मला आवडतो. एका प्रापंचिक बाईला चर्च म्हणजे काय समजलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

घोळ शब्दापासूनच आहे. 'चर्चला रंग दिला' म्हणतो तेव्हा इमारत अभिप्रेत असते. 'चर्चने निषेध केला' असं पेपरात छापून येतं तेव्हा बिशप मंडळी. तिसरा अर्थ लोकांचा. त्यासाठी छापील मराठीत 'ख्रिस्तसभा' हा नेमका शब्द आहे, पण बसस्टॉपवर तो कुणी उच्चारत नाही. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे हाक मारून जमवलेली सभा. पोर्तुगीजांचं 'इग्रेजा' आणि गोव्यातलं 'इगर्ज' त्याच मुळाचे. इंग्रजी 'चर्च' मात्र वेगळ्या ग्रीक शब्दावरून आला. त्याचा अर्थ 'प्रभूचं', म्हणजे प्रभूचं घर. एक शब्द माणसांकडे बोट दाखवतो, दुसरा वास्तूकडे.

माझी आजी लाल लुगडं नेसणारी, अक्षरशत्रू. ती चर्चला 'देऊळ' म्हणायची. शाळेत जायला लागल्यावर आम्हाला त्याची लाज वाटू लागली. देऊळ हिंदूंचं, आपलं चर्च, असं आम्ही तिला दुरुस्त करायचो. पुढे कळलं की 'देऊळ' हा 'देवकुल'चा झिजलेला शब्द. कुल म्हणजे घर आणि कुल म्हणजे वंशही. ग्रीकांना दोन शब्द लागले, आजीचं एकात भागलं.

कुळात कुणी अर्ज करून शिरत नाही. माझा स्नानसंस्कार झाला तेव्हा मी काही आठवड्यांची होते. त्या पाण्याने मी ख्रिस्तसभेची झाले, आणि पोप ज्या स्नानाने ख्रिस्ती झाले ते याहून वेगळं नव्हतं. संस्काराला दोन प्रती नाहीत. त्यातही एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. हा संस्कार एरवी धर्मगुरू देतात, पण बाळ मरणाच्या दारात असेल तर तो कुणीही देऊ शकतो. कुणीही म्हणजे ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा. पाणी हवं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचे शब्द हवेत, आणि चर्चचा जो हेतू असतो तोच मनात हवा. ज्या संस्थेचे नियम इतके काटेकोर, तिने आपला मुख्य दरवाजा असा उघडा ठेवला आहे.

लग्नाचंही तसंच. फादरांनी लग्न लावलं, असं आपण म्हणतो. आमच्या लॅटिन परंपरेच्या शिकवणीप्रमाणे तो संस्कार वधूवर एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात आणि आशीर्वाद देतात. आमच्या लग्नात हे ठाऊक असतं तर नवऱ्याला पुढे बऱ्याच वेळा ऐकवता आलं असतं.

हे सगळं आजीला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. आजी मागच्या बाजूला बसून जपमाळ ओढायची. पुढे काय चाललंय ते फादरांचं फादर बघतील. मग १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि जगभरचे दोन हजारांहून अधिक बिशप 'चर्च म्हणजे काय' या प्रश्नावर वाद घालत बसले. चर्चविषयीच्या दस्तऐवजाच्या मसुद्यात प्रकरणांचा क्रम जुन्या वळणाचा होता: आधी अधिकारी, मग लोक. बेल्जियमचे कार्डिनल स्युनेन्स यांनी सुचवलं की 'देवाची प्रजा' हे प्रकरण आधी घ्या, बिशप आणि धर्मगुरूंचं त्यानंतर. अनुक्रमणिकेतला बदल, बाकी काय? पण त्या बदलाने शतकांची उतरंड हलली. बिशप झाले तरी आधी त्या प्रजेतले, मग तिचे मेंढपाळ. 'लुमेन जेन्शियुम' नावाने ओळखला जाणारा हा दस्तऐवज २,१५१ विरुद्ध ५ मतांनी संमत होऊन २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झाला.

त्यानंतर अकराव्या दिवशी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. निमित्त आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेचं. यजमान होते आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, भारताचे पहिले कार्डिनल. भारतात पाऊल ठेवणारे हे पहिलेच पोप. ओव्हल मैदानावर लोटलेल्या गर्दीच्या गोष्टी घरोघरी वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या. अनुक्रमणिकेची गोष्ट कुणाच्याच कानावर आली नव्हती. ती आमच्यापर्यंत पोचली मराठी मिस्सेतून. वेदी पुढे आली, फादर आमच्याकडे वळले आणि आजीला पहिल्यांदाच कळलं की इतकी वर्षं तिथे काय बोललं जात होतं.

पण चर्च वास्तूपेक्षा मोठं आहे हे शिकायला वसईकराला रोमची गरज नव्हती. आमच्या इतिहासाने ते आधीच शिकवलं होतं. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. दोनशे पाच वर्षांत किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन संघांची देखणी चर्चं उभी राहिली होती. आज त्यांची छपरं नाहीत. तिथल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर टांगलेली प्रसिद्ध घंटा त्यांतलीच. युरोपीय पाद्री निघून गेले. राजा गेला, तोफ गेली. पोर्तुगीजांच्या सत्तेवर तगलेला धर्म असता तर तो त्यांच्याच गलबतातून परत गेला असता. तसं झालं नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती कुटुंबं शेतवाडीत आणि समुद्रावर राहिली. एतद्देशीय धर्मगुरूंनी त्यांना सांभाळलं आणि आयांनी मुलांना प्रार्थना शिकवल्या, त्याही आपल्या बोलीत.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही धर्मगुरू नव्हते, हे आमच्याच पुष्कळ लोकांच्या ध्यानात नसतं. ते जपानात व्यापार करत होते, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ साली ते संत ठरले. भारतात जन्मलेला चर्चचा पहिला संत मिस्सा अर्पण करणारा नव्हता.

म्हणून काय प्रापंचिकांचं राज्य आहे? मुळीच नाही, आणि इथे माझ्या काही समवयस्कांशी माझं जमत नाही. ते म्हणतात, आम्ही वर्गणी देतो, मग फादर आम्ही ठरवू. कॅथलिक चर्चमध्ये फादर निवडून येत नाहीत. बिशप त्यांना नेमतात आणि काही वर्षांनी बदली करतात. माझ्या पॅरिश कौन्सिलच्या दिवसांत एका फादरांशी मी पावसाळ्यापूर्वी सभागृहाचं छप्पर दुरुस्त करण्यावरून तीन बैठका भांडले. सगळे सदस्य माझ्या बाजूला. फादरांनी शांतपणे ऐकलं आणि ध्वनियंत्रणा घेतली. पावसात छप्पर गळलं, तेव्हा त्या गळतीचा आवाज मात्र उत्तम ऐकू आला. १९८३ च्या धर्मनियमांप्रमाणे कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतंच. पैशांसाठी वेगळी अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, असावीच लागते. राग आला होता, अजून आहे. तरीही निवडणुका लावा असं मी म्हणणार नाही. एका गावाच्या चर्चला त्या गावाबाहेरचा कुणीतरी जबाबदार असावा. नाहीतर चर्च म्हणजे आमच्या आळीचं मंडळ होईल, आणि आमच्या आळीला मी चांगली ओळखते.

तो बाहेरचा म्हणजे बिशप. पूर्वी आम्ही मुंबई महाधर्मप्रांतात होतो. १९९८ साली वसई धर्मप्रांत वेगळा झाला. बाहेरच्यांना वाटतं, पोप म्हणजे मोठे साहेब आणि बिशप त्यांचे शाखाधिकारी. तसं नाही. बिशप प्रेषितांचे वारस म्हणून आपल्या धर्मप्रांतात स्वतःच्या अधिकाराने उभे असतात, पोपांशी एकतेत. शिवाय सगळे कॅथलिक लॅटिन परंपरेचे नाहीत. आमच्या इमारतीतलं केरळी कुटुंब सिरो-मलबार चर्चचं. त्यांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ सालचा, त्यांची मिस्सा वेगळ्या रीतीची. आम्ही एका जिन्यात राहतो, बिशप दोन, पोप एक. अशी परस्परांशी एकत्र असलेली चोवीस चर्चं मिळून जगातले सुमारे १४० कोटी कॅथलिक होतात. आणि 'व्हॅटिकनमधून किती पैसे येतात हो?' या आवडत्या प्रश्नाचं उत्तर: मिशनच्या गरीब भागांना बाहेरून मदत मिळते, पण वर्षातून एकदा, जूनच्या शेवटाला, आमच्याच थाळीतले पैसे पोपांकडे जातात.

वसईत चर्च म्हणजे काय याचा खरा वाद रस्त्यावर झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि हरित वसईच्या चळवळीत उतरले. पाणी, जमीन, बिल्डर, दहशत हे विषय त्यांनी वेदीजवळ आणले. कित्येकांनी कपाळाला आठ्या घातल्या: पाद्र्याने मिस्सा द्यावी, विहिरीत कशाला बघावं? कित्येकजण पहिल्यांदाच मोर्चात गेले. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि २५ जुलै २०२४ रोजी गेला. माझ्यापुरतं सांगते, गावाची विहीर आटत असताना प्रार्थनेत पाण्याचं नाव न घेणारं चर्च मला नको.

डागांबद्दल न बोलता हा लेख संपवता येणार नाही. गोव्यात १५६० साली आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १८१२ पर्यंत राहिलं. आपल्या काळात जगभर धर्मगुरूंकडून मुलांवर झालेले अत्याचार उघड झाले, आणि त्याहून वाईट म्हणजे वरिष्ठांनी ते झाकले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये अत्याचारांबद्दल पत्र लिहिलं, ते बिशपांना उद्देशून नव्हतं. देवाच्या प्रजेला होतं. पाद्र्याला प्रश्न विचारायचा नाही, ही सवय या दुखण्याच्या मुळाशी आहे, असं त्यात म्हटलं. ती सवय फादरांइतकीच आम्ही जोपासली. दर रविवारी आम्ही 'एक, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय' चर्चवर श्रद्धा ठेवतो असं म्हणतो. 'पवित्र' या शब्दापाशी माझा आवाज अलीकडे खाली जातो, पण शब्द गाळत नाही. पवित्रपण आमच्या कर्तृत्वाचं असतं तर ते केव्हाच संपलं असतं.

बाईमाणसाचा हिशेबही अपुरा आहे. मी तीस वर्षं वेदीवरून बायबलवाचन केलं. स्त्रीला वाचक हे पद रीतसर मिळू शकतं, हे रोमने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यात लिहिलं. २०२३ च्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, स्त्रियांनी प्रथमच मत दिलं. धर्मगुरूपद नाही. मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनलांनी पोप लिओ चौदावे यांना निवडलं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर निवडीची खूण असलेल्या धुराचा रंग बघत होतो. कुळात बायकांनी निर्णयाची वाट बघत बसायचं, हे काही फक्त चर्चचं वैशिष्ट्य नाही. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

२०२४ साली दिवाळीचा पाडवा २ नोव्हेंबरला आला. आमचा सर्व मृतांचा दिवस तोच. चर्चमध्ये मेलेली माणसंही मोजतात, हे सांगायचं राहिलंच होतं. कुळात पूर्वज असतात तसे. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि त्यांनी आमच्यासाठी करावी अशी आशा धरतो. दफनभूमीत जागा थोडी, त्यामुळे काही वर्षांनी तीच जागा पुन्हा उकरतात. माझ्या आजीच्या मातीत आता कोण कोण आहे ते मी मोजत नाही. त्या संध्याकाळी कुंपणापलीकडे शेजारणीने पणत्या लावल्या आणि मी मेणबत्त्यांची पिशवी घेऊन निघाले. तिने हाक मारून चार झेंडूची फुलं माझ्या पिशवीत टाकली. "तुमच्या आजीला," म्हणाली.

पाडवा दरवर्षी त्या दिवशी येत नाही, पण आमच्या मेणबत्त्या दर २ नोव्हेंबरला लागतात. तुम्ही त्या दिवशी वसईच्या बाजूला असाल तर दिवेलागणीला कुठल्याही गावाच्या दफनभूमीत या. फाटक उघडंच असतं. चप्पल काढायची गरज नाही, पण मेणबत्तीबरोबर काडेपेटी आणा; आमच्याकडे नेमकी तीच विसरतात.