हाडांच्या बळकटीसाठी ज्येष्ठ महिलांनाही वजनाचा व्यायाम उपयुक्त

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने महिलांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. अशा वेळी जड उचलू नये, हाच सल्ला घरोघरी मिळतो. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत. हाडांची घनता कमी असलेल्या, ५८ वर्षांवरील १०१ महिला तीत सहभागी झाल्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास जड वजने उचलली आणि उड्यांचा व्यायाम केला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. पहिल्या गटात कंबरदुखीची एकच किरकोळ तक्रार नोंदली गेली. अर्थात, हा व्यायाम प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, वजन टप्प्याटप्प्याने वाढवत झाला होता. घरच्या घरी एकाएकी सुरू करण्याजोगा तो नव्हे.