छापून झाल्यावर उरलेलं पान

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या 'हेरिटेज' या लिलावघरात जाड कागदावर काळ्या शाईने काढलेलं एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. मार्व्हलच्या 'सीक्रेट वॉर्स' मालिकेच्या आठव्या अंकातलं हे पंचविसावं पान. साल १९८४, चित्रकार माइक झेक. स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख कुठून आला, ते या पानावर कळतं. तो छापील अंक तेव्हा पाऊण डॉलरला मिळायचा आणि लाखोंनी खपला होता. हे पान मात्र एकच.

आकडा ऐकून भुवया उंचावतात, आणि कॉमिक्सच्या मूळ पानांबद्दलचं बोलणं बहुतेक वेळा तिथेच संपतं. मला जास्त कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. हे पान काढलं गेलं ते छापखान्यासाठी. छपाई झाली की त्याचं काम संपलं. मग ते कुणाचं? काढणाऱ्याचं, पैसे देणाऱ्या कंपनीचं, की कचऱ्याच्या पेटीतून उचलणाऱ्याचं? या छंदाचा सगळा इतिहास म्हणजे या प्रश्नाची वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरं आहेत, आणि त्यातली निम्मीअधिक आजही कुणाला पटलेली नाहीत.

आधी ही वस्तू कशी असते ते पाहू. कागद ब्रिस्टल बोर्ड, गुळगुळीत आणि जाड. १९६७च्या सुमारापर्यंत अमेरिकी चित्रकार छापील पानाच्या साधारण दुपटीने मोठं चित्र काढत, पुढे ते दीडपटीवर आलं. एकजण पेन्सिलने पान काढणार, दुसरा संवादाच्या फुग्यांत अक्षरं लिहिणार, तिसरा टाक आणि ब्रशने शाई फिरवणार. रंग त्या पानावर नसतोच, रंगाच्या सूचना वेगळ्या कागदावर जात. त्यामुळे लहानपणी रंगीत अंकांवर पोसलेल्या माणसाला मूळ पान पहिल्यांदा ओकंबोकं वाटतं. मग डोळा सरावतो. चुकलेल्या रेषेवर पांढऱ्या रंगाचा जाडसर थर दिसतो. संपादकाला न आवडलेला चेहरा दुसऱ्या कागदावर काढून वर चिकटवलेला असतो आणि त्या चिकटवणीचा डाग वर्षानुवर्षांत पिवळट-तपकिरी झालेला असतो. छपाईच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या फिक्या निळ्या पेन्सिलीतल्या खुणा असतात. मागे अंकांची छाननी करणाऱ्या 'कॉमिक्स कोड'च्या मंजुरीचा शिक्का असतो. वाचकाने पाहू नये असं जे जे होतं, ते सगळं इथे उघडं असतं.

यात सगळ्यात बोलकी पानं चित्रकार जॅक कर्बीची. १९६०च्या दशकात मार्व्हलमध्ये पूर्ण संहिता हातात देण्याची पद्धत नव्हती. लेखक-संपादक स्टॅन लीने कथेचा धागा सांगायचा, कधी नुसत्या गप्पांत. चित्रकाराने सगळी पानं रचून काढायची आणि त्यावर संवाद नंतर लीने चढवायचे. त्यामुळे या चौकटीत कोण काय करतोय आणि का, हे कर्बी समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचा. समास छापला जात नसे, म्हणून ही अक्षरं वाचकांपर्यंत कधीच पोचली नाहीत. 'फँटॅस्टिक फोर' किंवा 'थॉर'च्या कथा नेमक्या कुणी रचल्या हा वाद आता तिथूनच वाचला जातो. समासातलं वाक्य एक सांगतं, फुग्यातलं त्याला बगल देऊन दुसरंच बोलतं, असंही काही चौकटींत सापडतं. श्रेयावरून भांडलेल्या दोन माणसांचं भांडण एकाच कागदावर, तेही एकाच्या ध्यानीमनी नसताना नोंदलं जावं, असं फार थोड्या कलांत घडतं.

आणि नेमका हाच कागद कंपन्यांना नको होता. डीसी कॉमिक्समध्ये जुनी पानं कापून टाकून देत. १९६०च्या दशकात तिथे शाळकरी चाहत्यांना कार्यालय दाखवायची पद्धत होती. त्या पोरांपैकी मार्व्ह वुल्फमन पुढे नावाजलेला लेखक झाला. फेकायला काढलेली चाळीसच्या दशकातली अप्रकाशित पानं त्याच्यासारख्या मुलांनी वाचवली. त्यातली काही आधीच आडवी कापून तीन तुकडे झालेली होती. वर्तमानपत्री चित्रमालिकांची गत फारशी वेगळी नव्हती. 'बीटल बेली'चा जनक मॉर्ट वॉकर सांगायचा, की किंग फीचर्सच्या कार्यालयात छत गळत होतं तेव्हा पाणी टिपायला 'क्रेझी कॅट'ची मूळ चित्रं खाली टाकलेली त्याने पाहिली. वॉकरने १९७४ साली कनेटिकटमधल्या ग्रिनिच इथे व्यंगचित्रांचं संग्रहालय काढलं, त्यामागे असल्या अनुभवांचा वाटा होता. एक अपवाद ठळक आहे. ईसी कॉमिक्सचा मालक बिल गेन्स याने आपल्या भयकथा-विज्ञानकथांची जवळजवळ सगळी पानं कुलपात जपून ठेवली. आज ईसीची पूर्ण कथा सलग पानांनिशी पाहायला मिळते ती त्याच्या या सवयीमुळे. इतरांच्या बाबतीत सुटं पान मिळालं तरी नशीब म्हणायचं.

१९७०च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या कंपन्या पानं चित्रकारांना परत करू लागल्या. पेन्सिलवाला आणि शाईवाला ती आपसात वाटून घेत. पण आधीच्या ढिगाचं काय? १९८४ साली मार्व्हलने कर्बीपुढे चार पानी करार ठेवला. इतर चित्रकारांना एका पानाचा साधा मसुदा होता. कर्बीला मात्र पात्रांवरचा कसलाही हक्क सांगणार नाही असं बरंच काही लिहून द्यायचं होतं. बदल्यात काय, तर ८८ पानं. हजारो पानं काढलेल्या माणसाला! चित्रकारांनी, लेखकांनी सह्यांची मोहीम काढली, वाचकांनी पत्रं पाठवली, आणि १९८७मध्ये सुमारे दोन हजार पानं त्याच्या घरी पोचली. उरलेली गोदामातून केव्हाच पसार झाली होती. काही कुणाला भेट म्हणून गेली, काही सरळ उचलली गेली. सुरुवातीच्या 'फँटॅस्टिक फोर'चं पान आज लिलावात येतं तेव्हा ते गोदामाबाहेर कसं पडलं याचा कागद बहुतेकदा नसतो. इतक्या वर्षांनी सिद्ध करता येत नाही, म्हणून बाजार डोळेझाक करतो. मला हे पटत नाही. पण त्या पिढीतल्या चोराने नेलेली पानं टिकली आणि कंपन्यांकडे राहिलेली अनेक कापली गेली, हेही तितकंच खरं आहे.

सगळ्या चित्रकारांना या कागदांचा लळा होता असंही नाही. स्पायडरमॅनचा पहिला चित्रकार स्टीव्ह डिटको परत आलेल्या मूळ पानांवर कागद ठेवून सुरी चालवायचा, असं त्याला भेटलेल्या मंडळींनी सांगितलं आहे. स्पायडरमॅनची पहिली कथा ज्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात १९६२ साली आली, त्या अंकाची २४ मूळ पानं २००८मध्ये एका अनामिक दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. बाजारात गेली असती तर काय भाव आला असता याचा हिशेब शौकीन अजून करतात.

भेटीची सगळ्यात गाजलेली गोष्ट चित्रकार हर्ब ट्रिंपची. 'हल्क'च्या १८०व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसला. ते पान ट्रिंपने १९८३मध्ये एका किशोरवयीन चाहत्याला सहज देऊन टाकलं होतं. तीसेक वर्षांनी, मे २०१४मध्ये, ते ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला विकलं गेलं. योगायोग असा की त्याच्या दोन वर्षं आधी टॉड मॅकफार्लेनच्या स्पायडरमॅनच्या एका मुखपृष्ठालाही अगदी हीच रक्कम आली होती.

युरोपात चित्र वेगळं. फ्रान्स-बेल्जियममध्ये चित्रकथेला 'नववी कला' म्हणतात आणि चित्रकाराने मूळ पानं स्वतःकडे ठेवायची प्रथा तिथे जुनी. एर्जेने टिनटिनची बहुतांश चित्रं आपल्याकडेच राखली, म्हणून जे थोडं बाहेर आहे त्याला आभाळाला भिडणारे भाव येतात. जानेवारी २०२१मध्ये पॅरिसला आर्टक्युरिअलच्या लिलावात 'ब्लू लोटस'च्या मुखपृष्ठाचं १९३६ सालचं रंगीत चित्र सुमारे ३२ लाख युरोला गेलं. छापायला फार खर्चिक म्हणून ते प्रकाशकाने नाकारलं होतं. लाल ड्रॅगनच्या अंगावरून घड्यांच्या रेघा स्पष्ट गेलेल्या दिसतात. एर्जेने ते प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला दिलं आणि त्याने घडी घालून खणात ठेवलं, अशी कथा विक्रेत्यांनी सांगितली. घड्या पाकिटात घालून टपालाने पाठवण्यासाठी पडल्या, भेटबीट काही नव्हती, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. तीन दशलक्षांचा वाद घडीच्या रेघांवर येऊन ठेपला. २०२३च्या डिसेंबरात ब्रसेल्समध्ये 'अ‍ॅस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा'चं मुखपृष्ठ त्याचा चित्रकार उदेर्झो याच्या मुलीने हरकत घेतल्यावर लिलावातून मागे घेतलं गेलं, तेव्हाही मुद्दा तोच होता: दिलं होतं की नुसतं गेलं होतं?

जपानमध्ये पानं चित्रकाराकडे परत येतात आणि सहसा विकली जात नाहीत. अकिता प्रांतातल्या योकोते शहराच्या संग्रहालयात तर मांगाची लाखो मूळ पानं जतन करून ठेवली आहेत. २०१८ साली ओसामू तेझुकाच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चं एक पान पॅरिसच्या लिलावात २,६९,४०० युरोला गेलं, तेव्हा ते बाहेर आलं हेच नवल होतं.

लाखांच्या या गोष्टी ऐकून हा छंद धनिकांचाच असावा असं वाटेल. तसं नाही. फारसं नाव नसलेल्या चित्रकाराचं, नायक नसलेलं, दोन माणसं खोलीत बोलत बसलेली पान शे-दोनशे डॉलरलाही मिळतं. पानभर एकच चित्र असलं की भाव वाढतो, मुखपृष्ठ त्याहून वर, आणि नायक मुखवट्यात आहे की साध्या कपड्यांत यावरूनही किंमत हलते. माझं मत विचाराल तर साधी चौकटींची पानंच घ्यावीत. कथा सांगायचं कसब तिथे कळतं, मुठी आवळून उभ्या नायकात नाही. नकला भरपूर असतात. छापील पानाशी रेष न् रेष तंतोतंत जुळणाऱ्या पानाकडेच जास्त संशयाने पाहावं, कारण खऱ्या पानावर खाडाखोड, खाली उरलेली पेन्सिल आणि छापताना गेलेलं काहीतरी असतंच. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: कागद तुमचा झाला तरी चित्राचा छापण्याचा हक्क तुमचा होत नाही.

अलीकडे पान संगणकावरच काढलं जातं, किंवा पेन्सिलचं चित्र ई-मेलने जातं आणि शाईवाला ते निळ्या रेषेत छापून त्यावर शाई चढवतो. म्हणजे एकाच पानाची दोन मुळं, किंवा एकही नाही. फुग्यातली अक्षरंही १९९०च्या दशकापासून संगणकावर गेली, त्यामुळे नवी पानं मुकी असतात. सही करून विकली जाणारी 'एकमेव छापील प्रत' हा त्यावरचा तोडगा मला हास्यास्पद वाटतो.

आता आपल्याकडे. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि वेताळ मराठी घरांत आला. त्या वेताळाचं मूळ पान शोधायचं तर अमेरिकेतच शोधावं लागेल. साय बॅरीने १९६१पासून तीसेक वर्षं ती मालिका काढली आणि त्याच्या पट्ट्या बाजारात येतातही, पण त्यावर इंग्रजी असतं. आपण वाचलेलं वेताळाचं मराठी मूळ कागदावर कधी नव्हतंच. मुंबईत निर्माण झालं ते बी. गोविंद यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांचं काम. त्यांची सही असलेली मुखपृष्ठं वाचकांना पाठ आहेत, पण ती चित्रं पाहिलेला माणूस भेटणं कठीण. १९६७मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकरांचा 'कृष्ण', पुण्याच्या प्रताप मुळीकांची पौराणिक पानं, दिलीप कदमांचं काम, हे सगळं याच मातीतलं. 'टिंकल'मधला सुपंडी वाईरकरांच्याच हातचा. करोडो प्रती देशभर गेल्या, आणि तरीही वाईरकरांच्या एका पानाचा भाव काय, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, कारण बाजारच नाही.

का नाही, याचं एक कारण आपल्या दिवाळी अंकांतच आहे. दिवाळी अंकासाठी चित्र काढायचं, ते ब्लॉकवाल्याकडे जायचं, अंक निघायचा, आणि चित्र परत मागायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. दलाल, मुळगावकर, वसंत सरवटे यांची किती मूळ चित्रं अशी छापखान्याच्या माळ्यावरून रद्दीत गेली असतील, कोण जाणे. 'आवाज' या दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांचं तर दुखणं दुहेरी. खिडकीचं चित्र आणि आतलं चित्र हे दोन्ही कागद एकत्र राहिले तरच विनोद टिकणार. शि. द. फडणीसांनी मात्र आपल्या चित्रांची 'हसरी गॅलरी' नावाने प्रदर्शनं भरवली. बसच्या रांगेतली ती मुलगी, तिच्या साडीवरचे उंदीर आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावरची मांजरं लोकांनी भिंतीवर टांगलेली पाहिली. गोव्यात मारियो मिरांडांच्या चित्रांना पर्वरीला दालन आहे. तिथून लोक छापील प्रती, मग, फरश्या घरी नेतात. मूळ चित्र नेणारा विरळाच.

आणि आपली हवा. पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली की ब्रिस्टल बोर्डवर बुरशीचे ठिपके उठतात, कसर शाईपेक्षा कागदावरची खळ आधी खाते. आम्लरहित कागदाच्या मध्ये पान ठेवावं, प्लॅस्टिकची साधी पिशवी वापरू नये, फ्रेम केलं तर काच पानाला टेकू देऊ नये आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. मार्करने रंगवलेली चित्रं उजेडात सगळ्यात लवकर उडतात.

ज्याला इथे सुरुवात करायची आहे त्याने लिलावांकडे बघण्याऐवजी जुन्या चित्रकारांच्या घरची दारं वाजवावीत. मुलं-नातवंडं पलंगाखालची फाइल बहुधा आनंदाने उघडून दाखवतात. आवडलेल्या पानाचे पैसे द्यावेत, फुकट घेऊ नये, कारण हिशेब कर्बीपासून थकलेला आहे. आणि चित्र कोणत्या अंकासाठी काढलं, ते घरी कसं राहिलं, कुणी कुणाला विकलं, एवढं एका साध्या कागदावर तारीख-सहीनिशी लिहून घेऊन त्याची एक प्रत त्या घरी ठेवावी.